करंजवळणचे जागले

दशरथआबा रस्त्यानं चालताना पावलं मोजत. मनातल्या मनात नव्हे, चांगले ओठ हलवत. बारामतीच्या एसटी स्टँडपासून माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या पायरीपर्यंत सहाशे बारा पावलं भरतात, हे मला त्यांच्यामुळं कळलं. एकदा सहाशे एकोणीस भरली, तर वर येऊन पाणीही न पिता म्हणाले, "बाई, मधी कायतरी बदललंय." मी हसले. संध्याकाळी घरी जाताना पाहिलं, तर गटारीच्या कामासाठी पानाची टपरी पुढं सरकवली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वळसा पडत होता. तेव्हापासून मी त्यांना हसायचं सोडलं.

आबा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. वाळकं उंच अंग, पांढरा पायजमा, खिशाला लाल-निळी दोन तोंडांची पेन्सिल. जन्मभर लोकांच्या बांधाची भांडणं मिटवली आणि त्याहून जास्त लावून दिली, असं तेच सांगत. बोलणं बेतानं. त्यांचं एक वाक्य मात्र ठरलेलं होतं आणि ते कशालाही लागू पडायचं. "मोजल्याबिगर हाय म्हनू नये, आन् मोजल्याबिगर न्हाय बी म्हनू नये." माझ्या क्लासला एमआयडीसीतून शिफ्ट संपवून येणारी मुलं होती, तीसुद्धा पुढं पुढं हे वाक्य एकमेकांना ऐकवायला लागली. आबा जाऊन आता वर्ष होईल. मुलं अजून म्हणतात.

त्यांचं गाव करंजवळण, इंदापूर तालुक्यातलं. आबा बाविशीचे असताना उजनीचं पाणी आलं आणि गाव त्यात गेलं. वर माळावर नवं गावठाण बसलं, तिथं ते राहायचे. पण "गाव बुडालं" असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. "बुडालं न्हाय. सध्या दिसत न्हाय," एवढंच म्हणत, तेही असं की गाव जरा बाजूला गेलंय आणि जेवणाच्या वेळेला परतणार आहे.

पहिल्यांदा आले ते काखेत नकाशाची गुंडाळी घेऊन. टेबलावर ती पसरली. एकशे बारा घरं, प्रत्येकाला नंबर, पिंपळ, आड, तालीम, नदीची वाट. म्हणाले, "ह्याची साइट करायची हाय. घराला एक पान." मला वाटलं, निवृत्त माणसाचा छंद, दहा पानांत दमेल. आबा दमले नाहीत. रोज एक घर लिहून आणायचे. त्यांची भाषा मोजणीच्या कागदासारखी, पण मधूनच तिला पाय फुटायचे. "घर नंबर ४१. दोन खण. पुढं शेवगा. सासू-सुना एका चुलीवर, दुसऱ्या चुलीचं निव्वळ बोलणं. घरात सध्या माणूस नाही." हे शेवटचं वाक्य एकशे बाराही पानांवर होतं. मी म्हटलं, हे प्रत्येक ठिकाणी कशाला, कळतंच की. आबा म्हणाले, "पंचनाम्यात लिवावं लागतं."

साइट उभी राहिली. गावचे लोक पुण्यातून, सोलापुरातून आपापलं घर बघायला लागले. 'गाववाल्यांचा कट्टा' नावाचं एक पान होतं, तिथं कुणीही काहीही लिहावं आणि ते लगेच दिसावं, असा आबांचा हट्ट. "म्हाताऱ्या मानसानं एका बोटानं लिवायचं आन् ते दिसूच न्हाय, तर तो परत लिवनार न्हाय." मी सांगत होते की असं सताड उघडं ठेवू नये. मोजणीदाराला मी शहाणपण शिकवणार!

ही सगळी यातायात कुणासाठी, हे मला चार-पाच महिन्यांनी कळलं. दुपारची वेळ होती, क्लास रिकामा होता. आबा स्क्रीनकडं बघत म्हणाले, "गावाचं नाव टाकलं, तर ही साइट पयली येती ना?" येते, म्हटलं. "कायम येईल?" का हो, असं विचारलं तेव्हा त्यांनी धाकट्या भावाचं नाव सांगितलं. ज्ञानदेव. घरात ज्ञानू.

धरणासाठी गावाची मोजणी झाली, तेव्हा आबा खात्यात नवे होते. साहेबांनी जमीन मोजायची साखळी त्यांच्याच हातात दिली. मोजणीची रेघ नेमकी त्यांच्या घरातून जात होती, पुढच्या दारानं आत आणि मागच्या दारानं बाहेर. सतरा वर्षांचा ज्ञानू दारात आडवा उभा राहिला. "आपल्याच घरातनं साखळी वडतूस व्हय रं दादा?" साहेब बघत होते. आबांनी साखळी ओढली. त्याच दिवशी ज्ञानू टेंभुर्णीकडं जाणाऱ्या एका ट्रकमध्ये बसला, तो परत आला नाही. पत्र नाही, निरोप नाही. आई वाट बघत गेली.

"नवं गावठाण कुठं बसलं, ते त्याला ठावं न्हाय. कुनाला इचारायचं म्हटलं तर आता त्याला लाज वाटंल. पन्नास वर्सांनी कुठल्या तोंडानं इचारनार?" आबा पेन्सिल बोटांत फिरवत होते. "पर मोबाईलला इचारायची लाज वाटत न्हाय, बाई. एकांदे दिवशी गावाचं नाव टाकंल. टाकंल का न्हाय?"

टाकेल, म्हटलं मी. दुसरं काय म्हणणार?

मग एके दिवशी पुण्याच्या एका गाववाल्याचा फोन आला. करंजवळण शोधलं, तर आपल्या साइटच्या नावाखाली भलतंच येतंय म्हणे. मी शोधून पाहिलं. आबांच्या पानांच्या खाली आणखी पानं होती. जॅकपॉट, गोळ्या, झटपट पैसे. बोट ठेवलं की आपलीच साइट उघडायची, स्वच्छ, नेहमीसारखी. पुन्हा शोधलं की पुन्हा ती पानं यादीत.

आबांना समजावून सांगितलं. साइटचं एक कुलूप जुनं झालं होतं, त्यातून कुणीतरी आत शिरून ही पानं ठेवून गेलं. ती माणसांना दिसत नाहीत. सर्चवाल्यांचं यंत्र साइट वाचायला येतं, फक्त त्यालाच दिसतात. चांगल्या साइटच्या नावावर आपला माल खपवायची ही रीत. आणि हे वाढलं, तर सर्चवाले आपली साइट धोक्याची ठरवून यादीतून काढून टाकतील.

आबा म्हणाले, "म्हंजी घरात मानसं ऱ्हात्यात, पर घरच्याला दिसत न्हाईत."

असं म्हटल्यावर मला माझंच बोलणं जरा नकोसं झालं.

पानं काढली, कुलूप बदललं. पण पुन्हा शिरले तर कळणार कसं? आपल्या डोळ्यांना तर ती दिसत नाहीत. त्यावर उपाय फुकट आणि सोपा आहे. सर्चवाल्यांनाच सांगून ठेवायचं, की आमच्या साइटवर अमुक शब्द कुठं दिसला तर आम्हाला मेल करा. अ‍ॅलर्ट म्हणतात त्याला. आबांना ही कल्पना फार आवडली. गावच्या हद्दीवर पूर्वी जागल्या फिरायचा, तसे हे जागले. मेल रोज दुपारी पाऊण वाजता येईल असं मी लावून दिलं आणि आबांच्या मोबाईलवर त्याला 'टिंग' असा आवाज ठेवला.

आता शब्द कुठले द्यायचे? मी म्हटलं, माझ्याकडं तयार यादी आहे. आबांना तयार काही चालायचं नाही. "आमच्या गावात कवाच न बोललेला शब्द पायजे. न्हायतर जागल्या घरच्यालाच चोर म्हनंल." ती यादी घेऊन ते मारुतीच्या पारावर गेले आणि जुन्या गावातली म्हातारी माणसं जमवून एकेक शब्द मोठ्यानं वाचला. मी सोबत होते, म्हणून सांगते. नऊवारीतल्या बायका आणि कानटोपीवाले बाप्ये, आणि मध्ये आबा गंभीर चेहऱ्यानं विचारतायत, "कसिनो. गावात हुता का?" न्हाय. "जॅकपॉट?" न्हाय. "ताकद?" एक म्हातारे उसळले, "हुती की! तालमीत काय मग गवत उपटायचो आमी?" घर नंबर नऊच्या पानावर 'ताकदीचा गडी' असं लिहिलेलं होतंच. ताकद बाद. 'लॉटरी' म्हटल्यावर शिंप्याच्या घराकडं बोटं गेली. 'जुगार' म्हटल्यावर कुणीच बोलेना, पण सगळे एकाच तात्यांकडं बघायला लागले. तोही बाद. असे गाळून गाळून सोळा शब्द उरले. सोळा जागले.

परत येताना आबा गाडीत म्हणाले, "आनिक एक लावा. ज्ञानदेव. आन् ज्ञानू बी. ह्यो चोरासाठी न्हाय."

दोन-तीन वर्षं जागल्यांनी काम चोख केलं. कधी महिनाभर काही नाही, कधी एखादा शब्द सापडायचा, मी एमआयडीसीची बॅच संपवून पान काढून टाकायची. ज्ञानूचा जागल्या मुका होता.

तो पहिल्यांदा बोलला ते फाल्गुनात. मी डबा उघडला होता. आबांचा फोन आला. म्हणाले, "बाई, मेल बगा."

मेलमध्ये पानाचं नाव होतं, 'घर नंबर ११३'. खाली, सर्चमध्ये दिसतात तशा दोन ओळी. "कर्ता ज्ञानदेव. दोन खण. पिंपळापासून पूर्वेला चाळीस पावलं. चूल पेटलेली आहे. घरात सध्या माणूस आहे." आणि पुढं, आजच खेळा आणि जिंका.

मी त्या पानावर बोट ठेवलं. 'हे पान सापडलं नाही.'

माझ्या अंगावर काटा आला हे मी कबूल करते. आणि मग मला रागही आला, कारण मला हे कसं होतं ते माहीत होतं. हल्ली ही माणसं पानं स्वतः लिहीत नाहीत. यंत्राला साइट वाचायला देतात, यंत्र तिथलेच शब्द कालवून तशीच दिसणारी नवी पानं पाडतं. आबांनी घरच्या पानावर भावाचं नाव लिहिलं होतं, चुली तर सगळीकडं होत्या, पिंपळ होता, पावलं होती. 'नाही'चं 'आहे' झालं एवढंच. हे सगळं मी आबांना फोनवर सांगितलं. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "पिंपळाच्या पूर्वेला दहा पावलांवर एकशे बारावं घर. चाळीस पावलांवर मी काय मोजलं न्हाय."

त्यानंतर ११४ आलं, ११५ आलं. रोज पाऊण वाजता टिंग. गाव वाढत होतं. प्रत्येक घरात सध्या माणूस होता. मी पानं काढत होते आणि आबा, मला नंतर त्यांच्या बायकोनं, इंदूकाकूंनी सांगितलं, ती घरं नकाशावर निळ्या पेन्सिलीनं काढून घेत होते.

वैशाखात धरण खूप खाली गेलं, तेव्हा आबा म्हणाले, चला. मी का गेले कोण जाणे. मोटरसायकल काठावर लावली आणि आम्ही तडकलेल्या गाळावरून चालत निघालो. ऊन असं की सावली पायाखाली सापडेना. शिंपले मोडत होते. लांब पाण्याच्या कडेला रोहित पक्षी उभे होते, तेवढाच काय तो रंग. देवळाचे दगड, जोत्यांच्या रांगा, आणि पिंपळाचं काळं खोड. आबा खोडाला पाठ लावून उभे राहिले, पूर्वेकडं तोंड केलं आणि चालू लागले. ओठ हलत होते. दहा पावलांवर एक जोतं होतं, त्यावरून ते वळसा न घेता गेले. पुढं नुसता सपाट गाळ.

चाळिसाव्या पावलाला ते थांबले. समोर तीन दगड होते, चुलीसारखे मांडलेले. आत राख.

कोळ्यांची असेल, म्हटलं मी. एक कोळी जाळं खांद्यावर टाकून काठाकडं चालला होता, त्याला हाक मारून विचारलं. तो आला, दगडांकडं बघितलं आणि म्हणाला, "आमी वर काठाला चूल मांडतो, ताई. हितं गाळात कोन मरायला येतंय?" आणि निघून गेला, जरा भरभरच.

आबा खाली बसले. राखेवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून दिला. मग म्हणाले, "गार हाय." उठले, गुडघे झटकले. परत येताना त्यांनी पावलं मोजली नाहीत. काठावर आल्यावर एवढंच बोलले, "आता न्हाय म्हनता येत न्हाय."

मी त्यावर आजही काही बोलणार नाही. कुणी तरी तिथं चहा केला असेल. माणसं कुठंही चहा करतात.

पावसाळ्याआधी सर्चवाल्यांनी शेवटी साइट धोक्याची ठरवली. करंजवळण शोधलं की यादीत नाव दिसायचं, पण उघडायला गेलं की सबंध स्क्रीन लाल. 'ही साइट तुमचं नुकसान करू शकते. मागे फिरा.' आबा ते बघून खुर्चीतच खचले. "आता तो आला तर ह्येच बगून माघारी जाईल," म्हणाले. माझ्याही मनात तेच होतं. एकेक दिवस लाल जात होता, आणि कुणी सांगावं, नेमका तोच दिवस ज्ञानूचा असेल.

मी सगळं कुलूपबंद केलं, खोटी घरं पुसली. उरला होता कट्टा. तिथं जाहिरातींचा चिखल झाला होता, हजारांनी. तो काढल्याशिवाय सर्चवाल्यांना 'पुन्हा तपासा' म्हणून कळवता येत नव्हतं. आबा म्हणाले, "मी वाचून काढतो. एकेक." रोज पन्नास वाचायचे, भिंग लावून. मी म्हटलं, आबा, असे तुम्ही दिवाळीपर्यंत वाचाल. "वाचीन की." म्हटलं, यात एकही मजकूर माणसाचा नाही, मला माहीत आहे. "मोजलंय का तुमी?"

मला चीड आली. चार दिवसांनी, एका मंगळवारी दुपारी, मी एकटीच क्लासमध्ये असताना सगळ्यांवर खूण केली आणि 'हटवा' दाबलं. मग कचऱ्याची पेटीही रिकामी केली, कारण मी कामाची पक्की आहे. सर्चवाल्यांना कळवलं. ज्ञानूसाठीच केलं मी ते. आबांनाही तसंच सांगितलं.

बुधवारी पाऊण वाजता टिंग झालं. सर्चचं यंत्र एक दिवस मागं चालतं. आज जे वाचलं त्याचा मेल उद्या येतो. मेल माझ्याकडंही आला होता, ज्ञानूच्या जागल्याचा. पान 'गाववाल्यांचा कट्टा'. खाली ओळ होती:

"दादा मी ज्ञानू. साखळी घरातनं गेली तवा तू रडत हुतास ते मी बगितलं. मी आता…"

पुढं तीन टिंबं. सर्चवाले तेवढंच दाखवतात.

मी कट्टा उघडला. रिकामा. मीच रिकामा केलेला. कचऱ्याची पेटी रिकामी. साइटची नक्कल दर रविवारी निघते, ती काढून चाळली, तिच्यात ही ओळ नव्हती. लाल स्क्रीन ओलांडून कुणीतरी सोमवारी लिहिली असणार, मंगळवारी यंत्रानं वाचली आणि मंगळवारीच मी पुसली. मी साइटभर 'रडत' हा शब्द शोधला, 'साखळी' शोधला. दोन्ही होते, वेगवेगळ्या पानांवर. खोटी पानं पाडणारं यंत्र असं जुळवू शकतं. मी स्वतःला हेच सांगत इंदापूरच्या एसटीत बसले.

आबा ओसरीवर बसले होते. मी यंत्राचं सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला.

"साहेब बगत हुतं, म्हनून मी नकाशा तोंडाम्होरं धरला हुता," ते म्हणाले. "आईला ठावं न्हाय. हिला बी ठावं न्हाय. मी कुठं लिवलं न्हाय, बाई."

इंदूकाकू दाराशी उभ्या होत्या, त्या आत गेल्या. मी रडायला लागले. आबांनी मला एका शब्दानं दुखावलं नाही, आणि ते मला जास्त लागलं. त्यांना माझ्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी होती. "त्यानं लिवलं. दुसऱ्या दिशी परत बगितलं असंल. तर न्हाय. त्याला वाटंल, दादानंच पुसलं."

थोड्या वेळानं त्यांनी वही मागवली आणि पेन्सिलीच्या लाल बाजूनं लिहिलं. म्हणाले, हे पहिल्या पानावर सगळ्यात वर घाला, गावाच्या नावाखाली. "ज्ञानू, व्हय. मी रडत हुतो. तुझं लिवलेलं मी पुसलं न्हाय. चुकून गेलं. परत लिव. दादा." मी म्हटलं, चुकून नाही, बाईंनी पुसलं असं लिहा. आबा म्हणाले, "तुमी कोन ते त्याला ठावं न्हाय. घरातलं घरातल्यानं बोलावं."

लाल स्क्रीन आठवड्यात गेली. करंजवळण शोधलं की पहिली साइट आबांची आणि तिच्याखाली तीच ओळ, सगळ्या जगासमोर. गावातल्यांनी वाचली, खात्यातल्या जुन्या माणसांनी वाचली. कुणी हसलं असेल तर माझ्यासमोर नाही. कट्टा पुन्हा उघडला. आता आलेला मजकूर आधी आबांकडं जायचा, आणि त्यांनी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचल्याशिवाय काही पुसायचं नाही, असं ठरलं. जॅकपॉटची जाहिरात कुणी एवढ्या आदरानं वाचली नसेल. ज्ञानू पुन्हा आला नाही. अजूनही आलेला नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते भाद्रपदात. दुरुस्त केलेला लॅपटॉप द्यायला गेले होते. ओसरीवर ऊन आलं होतं, उकाडा होता, आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. पाऊण वाजला आणि टिंग झालं. आबांचा हात माझ्याआधी पोचला. ज्ञानूचा जागल्या. मी वाकून बघितलं. "ज्ञानू, व्हय. मी रडत हुतो…" मी पहिलं पान थोडं हलवलं होतं, त्यामुळं यंत्राला ते नवं वाटलं होतं. जागल्यानं आबांचीच ओळ आबांना आणून दिली होती.

"आबा, हे तुमचंच आहे," म्हटलं मी.

"ठावं हाय."

त्यांनी चष्मा लावला. त्या ओळीवर बोट ठेवलं, पान उघडलं आणि वरून वाचायला सुरुवात केली. ओठ हलत होते. काकूंनी आतून जेवायला हाक मारली, मग पुन्हा मारली.

"आलो," आबा म्हणाले, "खालपतूर एकदा बगून येतो."